शाळेचाही सबक ऐकू या



१ मे, महाराष्ट्र दिन. बहुतेक प्राथमिक शाळांत याच दिवशी निकाल मिळतो. मुले प्रगतिपुस्तक घेऊन घरी येतात, आजी-आजोबांना दाखवतात, मिठाई वाटली जाते आणि ते पुस्तक कपाटात जाते. जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते. विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा. मधले सहा आठवडे मूल पूर्णपणे आपल्याजवळ असते.

दर उन्हाळ्यात आईबापांचा प्रश्न एकच असतो : सुट्टीत मुलाला काय शिकवावे? कुणी इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावतो, कुणी अबॅकस, कुणी चित्रकला. मस्जिदीत उन्हाळी दीनी वर्ग असेल तर मूल तिथे जाते. हे सगळे चांगलेच आहे. पण त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी, आणि तिला पैसेही लागत नाहीत. आपले मूल न वाचलेले पान वाचू शकते का, आणि वाचलेले त्याला समजते का?

‘वाचते की! चांगली श्रेणी आहे त्याला,’ असे उत्तर लगेच येते. पण प्रगतिपुस्तकातली अ-२ किंवा ब-१ ही श्रेणी अनेक गोष्टी एकत्र करून दिलेली असते. तोंडी काम, प्रकल्प, गृहपाठ, लेखी चाचणी सारे त्यात येते. वर्षभर वर्गात ऐकून धडा पाठ झालेले मूल पुस्तक समोर धरून तो धडधडा म्हणते. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंडात तिसरी ओळ, असेही दिसते. त्याच मुलासमोर दुसरे पुस्तक ठेवले की ते गप्प होते. हा फरक श्रेणीत दिसत नाही. घरी शेजारी बसून ऐकले तरच कळतो.

मकतब काय करते

शेजारी बसून ऐकण्याची रीत आपल्या घरांना नवीन नाही. मकतबमध्ये हेच तर चालते.

हाफिजजी तीस मुलांना एकदम एकच धडा शिकवत नाहीत. प्रत्येक मुलाचा कायदा वेगळ्या पानावर असतो, प्रत्येकाचा पारा वेगळा. मूल समोर येऊन बसते, आपला सबक ऐकवते. चूक झाली तर तिथेच दुरुस्त होते. सबक पक्का नसेल तर पुढचा मिळत नाही. उद्या पुन्हा तोच. शिवाय आमुख्ता असतो, म्हणजे मागचे शिकलेले पुन्हा ऐकवणे. त्यामुळे नवे शिकताना जुने विसरत नाही. वयाने लहान मूल पुढच्या पाऱ्यावर असते, मोठे मूल मागे असते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

शाळेला असे करणे अवघड जाते. तिथे इयत्ता तारखेप्रमाणे पुढे सरकते. ऑगस्टमध्ये जोडाक्षरे आली की साऱ्या वर्गाला आली. ज्याला काना-मात्राच नीट जमत नाही, त्याच्यासाठी वर्ग थांबू शकत नाही. शिक्षक कितीही कळवळ्याचे असले तरी चाळीस मुलांचे वाचन रोज एकेकट्याने ऐकायला शाळेच्या वेळात जागा नसते. मग जे मूल दुसरीत थोडे मागे राहिले, ते तिसरीत जास्त मागे पडते, कारण तिसरीपासून परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सारे काही वाचूनच करायचे असते. वाचता येत नसलेल्या मुलाला गणितही येत नाही असे आपण म्हणतो; खरे तर त्याला उदाहरण वाचताच आलेले नसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण एवढेच करायचे आहे : शाळेचा सबक मकतबच्या रीतीने घरी ऐकायचा. एका वेळी एक मूल, रोज थोडा वेळ, आणि पक्के झाल्याशिवाय पुढे नाही.

कोणत्या इयत्तेला किती यायला हवे?

अंदाज घ्यायला काही माप हवे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या राज्यात तेच ‘निपुण महाराष्ट्र’ म्हणून राबवले जाते. त्यातली मापे साधी आहेत आणि ती प्रत्येक घरात माहीत असावीत.

पहिलीत जाण्यापूर्वी, बालवाडीच्या शेवटी : अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे, १० पर्यंतचे अंक ओळखणे.

पहिली संपताना : चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये, तीही न वाचलेल्या मजकुरातली, समजून वाचणे. ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि सोपी बेरीज-वजाबाकी.

दुसरी संपताना : मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे. ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी.

तिसरी संपताना : मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे. ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार.

या साऱ्यात ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा. मिनिटाला शंभर शब्द म्हणणारे पण गोष्टीत काय झाले ते न सांगू शकणारे मूल या मापात बसत नाही. उलट, अडखळत पण अर्थ धरून वाचणारे मूल योग्य रस्त्यावर असते, त्याला फक्त सराव हवा.

चौथी-पाचवीतले मूल असेल तरी सुरुवात याच मापांनी करावी. ते लाजेखातर सांगत नाही, पण अडचण पुष्कळदा दुसरीतल्याच एखाद्या पायरीवर असते.

अर्ध्या तासाची पाहणी

खेड्यापाड्यांतली मुले किती वाचतात हे पाहण्यासाठी ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करत आली आहे. ‘असर’ हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून झाले. आपल्या बोलीतला अर्थ वेगळा सांगायला नको. त्यांची वाचनाची चाचणी एका कागदावर मावते. त्यात चार पायऱ्या असतात : सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसतात. हीच रीत आपण वापरू शकतो.

मुलाच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचे पण त्याने न वाचलेले एखादे पुस्तक घ्या. शेजारच्या घरातून दुसऱ्या माध्यमाचे किंवा जुन्या अभ्यासक्रमाचे पुस्तक मिळाले तरी चालेल. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, मराठीत आणि उर्दूतही. एक परिच्छेद वाचायला द्या. ओळीवर बोट ठेवू द्या, घाई करू नका, मध्ये शब्द पुरवू नका.

परिच्छेद जमला तर गोष्ट द्या. नाही जमला तर शब्द द्या. शब्दही अडले तर अक्षरे दाखवा. मूल ज्या पायरीवर सहज उभे राहते, तिथून सुट्टीचा सबक सुरू होतो. त्याची इयत्ता कोणती, हे विसरून जा.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि दोन प्रश्न विचारा. काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग. आणि असे का झाले असेल? उत्तर मराठीत आले, दखनीत आले, कोकणी बोलीत आले, काही बिघडत नाही. आपण समज तपासत आहोत, भाषा नव्हे.

ज्या आयांना स्वतःला मराठी वाचता येत नाही, त्यांनी ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणू नये. मूल कुठे थांबते, कुठे अंदाजाने ठोकून देते, हे ऐकणाऱ्या कानाला कळते. गोष्ट विचारायला अक्षरओळख लागत नाही. दादी-नानी तर या कामाला सर्वांत योग्य. त्यांना वेळ असतो, त्या रागावत नाहीत, आणि ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न त्या खऱ्या उत्सुकतेने विचारतात. वडिलांनीही आठवड्यातून निदान दोन दिवस हा सबक ऐकावा. अब्बांना ऐकवायचे आहे म्हटले की मुलाच्या लेखी त्या कामाचे वजन वाढते.

कायद्याची मदत बाराखडीला

आपली मुले लहान वयात दोन-तीन लिप्या शिकतात. शाळेत देवनागरी आणि रोमन, मकतबमध्ये अरबी, काही घरांत उर्दूही. एक लिपी डावीकडून, दुसरी उजवीकडून. लहान जिवावर हा भार होतो, अशी तक्रार ऐकू येते. पण जरा निरखून पाहिले तर हे ओझे कमी आणि शिदोरी जास्त आहे. फक्त दोन्हींचा सांधा कुणीतरी मुलाला दाखवून द्यायला हवा. मकतबमध्ये मराठीची गोष्ट निघत नाही आणि शाळेत कायद्याची निघत नाही. सांधा घरीच जोडावा लागतो.

मूल कायद्यात म्हणते : बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. म्हणजे अक्षर एकच, खूण बदलली की आवाज बदलतो. बाराखडी याहून वेगळे काय सांगते? ब, बि, बु. पहिली वेलांटी म्हणजे जेर आणि पहिला उकार म्हणजे पेश, असे एकदा दाखवले की मुलाचे डोळे चमकतात. मद्द आली की आवाज लांबवायचा हे त्याला ठाऊक आहे. मग दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार समजायला वेळ लागत नाही.

जोडाक्षरांचेही तसेच. मराठी शिकणाऱ्या बहुतेक मुलांचे घोडे इथेच अडते. ज्या मुलाने जज्म शिकले आहे त्याला स्वर नसलेले अक्षर ओळखता येते. मराठीत त्यालाच आपण अक्षराचा पाय मोडणे म्हणतो. ज्याने तश्दीद शिकली आहे त्याला अक्षरावर जोर देऊन ते दोनदा म्हणता येते. ‘मुहम्मद’ म्हणताना मीमवर तश्दीद, आणि मराठीत तोच ‘म्म’. ‘मक्का’ शब्दातला ‘क्क’ आणि ‘पक्का’ शब्दातला ‘क्क’ एकच. या ओळखीच्या शब्दांपासून जोडाक्षरे सुरू केली तर भीती निघून जाते.

र मात्र थोडा त्रास देतो, कारण तो मराठीत रूपे बदलतो. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार, ‘प्रकाश’मध्ये पोटात तिरकी रेघ, ‘ट्रक’मध्ये खाली टोपी, आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळा. एका दिवसात चारही रूपे देऊ नका. एक रूप, त्याचे दहा शब्द, दुसऱ्या दिवशी त्याचाच आमुख्ता.

घरी दखनी बोलणाऱ्या मुलांना ‘ळ’ आणि ‘ण’ जड जातात. ‘कमळ’चे ‘कमल’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’. याला हसू नये. खेळात हे दोन आवाज जिभेवर बसतात : काळा, पिवळा, निळा, जांभळा, कणीस, लोणी, दाणे, चणे. ज्या मुलाची जीभ ऐन आणि हम्जा यांतला, सीन आणि साद यांतला फरक शिकते, तिला ‘ल’ आणि ‘ळ’ अशक्य नाहीत.

उर्दू माध्यमातल्या मुलांच्या पालकांसाठी दोन शब्द. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. मुलाची पुढची नोकरी, कचेरी, दवाखाना, बँक, साऱ्याचे कागद मराठीत असणार आहेत. उर्दू जपावीच, ती आपल्या घराची दौलत आहे. पण मराठी वाचन ‘दुय्यम विषय’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. वर सांगितलेला सांधा उर्दू शिकणाऱ्या मुलांना तर आणखीच सोपा जातो.

हिशेब घरातलाच

गणितात लहान मुलांची एक अडचण आपल्या लक्षात येत नाही, ती संख्यांच्या नावांची. घरी उनतालीस, शाळेत एकोणचाळीस, शिकवणीत थर्टी नाइन. वस्तू एक, नावे तीन. शिवाय मराठीत आणि उर्दूत एकक आधी बोलतो, दशक नंतर. ‘पंचवीस’ ऐकले की कानावर आधी पाच येतो, मग वीस. म्हणून मूल ५२ लिहून मोकळे होते. ही अडचण किती खरी आहे, याचा दाखला म्हणजे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यावर राज्यभर वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला. वाद काहीही असो, लहान मुलांना जुनी नावे अडतात हे त्यामुळे साऱ्यांना कळले.

घरी उपाय सोपा आहे. काड्यांचे किंवा खजुराच्या बियांचे दहा-दहाचे गठ्ठे करावेत. पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या, मग लिहायचे आणि शेवटी नाव घ्यायचे. आठवडाभरात उलटे लिहिणे कमी होते. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी आणि उनतीस म्हणजेही तेच, हे सांगितले की दोन भाषा एकमेकींच्या मदतीला येतात.

मोठ्या मुलांना खरा हिशेब द्यावा. अलीकडे बकरी ईद मे-जूनच्या आसपास येते. कुर्बानीच्या गोश्तचे तीन वाटे करताना तिसरी-चौथीच्या मुलाला शेजारी बसवा. एकवीस किलोचे तीन समान वाटे कितीचे? गरिबांच्या वाट्यातून पाऊण-पाऊण किलोची किती पाकिटे होतील? एक तृतीयांश हा अपूर्णांक पुस्तकातल्या वर्तुळापेक्षा इथे लवकर समजतो, आणि वाटा बरोबर निघाला पाहिजे ही जबाबदारीही कळते. पाचवीतल्या मुलाला जकात सांगा : चाळिसावा हिस्सा. चार हजारांवर किती, दहा हजारांवर किती? हा भागाकार ते आनंदाने करते, कारण त्यातून कुणाला तरी काहीतरी मिळणार असते.

बाजारात जाताना पिशवी तुम्ही धरा, यादी मुलाच्या हातात द्या. आजोळी जाताना एसटीच्या पाट्या वाचायला सांगा. चिपळूण, गुहागर, अक्कलकोट, श्रीवर्धन. एवढ्या गावांत किती जोडाक्षरे झाली ते मोजायला लावा.

सहा आठवडे कसे वाटावेत?

पहिला आठवडा मुलाला मोकळे सोडा. खेळू द्या, झोपू द्या. या आठवड्यात फक्त वर सांगितलेली अर्ध्या तासाची पाहणी करा.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटे. फज्रनंतर किंवा अस्र आणि मगरिबच्या मध्ये, जी वेळ घरात सांभाळता येईल ती. पाच मिनिटे आमुख्ता, म्हणजे कालचे वाचन. दहा मिनिटे नवा सबक. पाच मिनिटे गोष्ट सांगणे. जुम्याला सुट्टी. मूल वीस मिनिटांनंतरही वाचत राहिले तर वाचू द्या, पण तुम्ही वेळ वाढवू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून लिहिणे जोडा. रोज तीन ओळी पुरेत. दीनी वर्गात आज कोणत्या नबींची गोष्ट ऐकली, ती तीन ओळींत मराठीत लिहायची. इथे दोन्ही शिक्षणे एकत्र येतात. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिणे ही समज वाढवण्याची सर्वांत चांगली कसरत आहे. शुद्धलेखनाच्या साऱ्या चुका लाल पेनने खुणावू नका. एका दिवशी एकच चूक दाखवा.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. गोष्टींची पुस्तके, मासिके आणा. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक महाजालावर वाचायला मिळतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीत आणि उर्दूत चित्रांच्या गोष्टी मोफत आहेत, पायऱ्या पाडून दिलेल्या. फोन हातात जातोच आहे, तर त्यातला काही वेळ असा जावा.

सहाव्या आठवड्यात पुन्हा तीच पाहणी करा, दुसऱ्या मजकुरावर. पहिल्या दिवशी मिनिटाला किती शब्द वाचले होते आणि आज किती, हे मुलाला दाखवा. शेजारच्या मुलाशी तुलना नको. त्याची तुलना त्याच्याच मे महिन्याशी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, मारणे आणि टोमणे. भीतीने तोंड उघडते, पण डोके बंद होते. दुसरी गोष्ट मुलींबद्दल. सुट्टी लागली की आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे धाकट्या भावंडाची आणि स्वयंपाकघरातली कामे येतात. काम शिकावे, त्यात गैर काही नाही. पण भावाचा सबक ऐकला गेला आणि बहिणीचा राहून गेला, असे होऊ नये. वीस मिनिटे दोघांचीही.

पहिलीत जाणारे आणि पाचवीत गेलेले

जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यातल्या शाळांत गेली काही वर्षे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. ‘पहिले पाऊल’ या नावाने ते ओळखले जातात. एक मेळावा सुट्टीपूर्वी आणि एक शाळा उघडताना. मधल्या काळात आयांनी छोटे गट करून मुलांना घरच्या वस्तूंनी खेळ शिकवावेत, अशी त्याची रचना आहे. बटणे वेगळी करणे, डाळ-तांदूळ निवडणे, रेषा ओढणे, गोष्ट सांगणे. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत चौकशी करा आणि अशा गटात सामील व्हा. आपल्या घरांत चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्लाखानी करण्याची जुनी चाल आहे. मुलाला नवे कपडे घालून पहिले अक्षर गिरवायला लावणाऱ्या समाजाला शाळेचे पहिले पाऊल परके वाटू नये.

पाचवीच्या पालकांनी एक नियम ध्यानात घ्यावा. पूर्वी आठवीपर्यंत कुणालाही नापास केले जात नसे. आता राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पहिल्या वेळी जमले नाही तर फेरपरीक्षेची संधी मिळते; तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहते. चौथीपर्यंत हळूहळू मागे पडत आलेल्या मुलाला याचा धक्का पाचवीत बसतो. आणि एकदा मागे राहिलेले मूल, विशेषतः मुलगा, ‘शाळेत मन लागत नाही’ म्हणत गॅरेजच्या किंवा दुकानाच्या वाटेला लागायला वेळ लागत नाही. त्याला शाळेचा कंटाळा आलेला नसतो. वाचता येत नाही हे चारचौघांत उघडे पडण्याची त्याला धास्ती असते.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या कैद्यांची हकीकत येते. ज्यांच्याकडे खंडणी द्यायला पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. शिकवणारे कैदी होते, मुसलमान नव्हते, कालपर्यंत रणांगणावर समोर उभे होते. तरीही प्रेषित (स.) यांनी मुलांच्या साक्षरतेला खंडणीचे मोल दिले. हजरत जैद बिन साबित (रजि.) या तरुणाला प्रेषित (स.) यांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली आणि ती त्यांनी सुमारे पंधरवड्यात शिकून घेतली, असे हदीसमध्ये आले आहे. पुढे कुरआन एकत्र लिहून काढण्याचे थोर काम त्यांच्याच हातून झाले. शेजारच्या समाजाची लिपी शिकल्याने त्यांच्या दीनदारीत काही कमी झाले नाही.

शाळा उघडेल तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. ‘माझे मूल कसे आहे?’ असे मोघम विचारू नका. ‘सुट्टीत रोज वाचन ऐकले. साधे शब्द येतात, रफार अडतो, गोष्ट सांगता येते पण लिहिताना थांबते,’ असे नेमके सांगा. शिक्षकांना एवढी माहिती मिळाली तर त्यांचे अर्धे काम हलके होते, आणि या मुलाच्या मागे घर उभे आहे हेही त्यांना कळते. त्यानंतरही रोजची वीस मिनिटे सोडू नका. शाळेच्या दिवसांत ती दहा झाली तरी चालतील.